पालेभाजीवरचं पाणी : सॅलड स्पिनर घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा



भाजी धुतल्यावर ती कोरडी कशी करायची, यावर कोणी तासभर बोलतं का, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण आपल्या घरात पालेभाजी आणली किती, खाल्ली किती आणि काळी पडून टोपलीत गेली किती, हे एकदा आठवून पाहा. मेथीची जुडी दोन दिवसांत चिकट होते, पालकाला वास येतो, सांभार पिशवीतच सडतो. आपण म्हणतो, भाजी वाईट होती. बहुतेक वेळा भाजी चांगलीच असते. तिच्यावर पाणी राहिलेलं असतं, एवढंच. म्हणून आज आपण त्या पाण्याबद्दल बोलू, आणि ते काढण्यासाठी बाजारात 'सॅलड स्पिनर' नावाचं जे भांडं मिळतं, त्याबद्दलही.

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी एक खुलासा. विदर्भात आम्ही कोथिंबिरीला सांभार म्हणतो. तेव्हा आज सांभार म्हटलं की डाळीचं सांबार समजू नका.

पाणी राहिलं तर बिघडतं काय?

सांभारवडीपासून सुरुवात करू. नागपूरकडच्या माणसाला वेगळं उदाहरण द्यायची गरजच नाही. वडीच्या आत चिरलेला सांभार, खसखस, तीळ, खोबरं, मिरची असं सारण. वर बेसन-मैद्याची पारी. आता सांभार ओला असेल तर काय होतं? एक, विळीखाली किंवा सुरीखाली तो मोकळा चिरला जात नाही, त्याचा लगदा होतो. दोन, सारणाला पाणी सुटतं आणि पारी आतून ओली होते. तीन, वडी तेलात गेली की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ बाहेर पडायला वाट शोधते, वडी फुटते आणि तेल अंगावर उडतं. म्हणून जुन्या बाया सांभार धुऊन पंचावर पसरायच्या आणि हाताला कोरडा लागल्याशिवाय चिरायला घ्यायच्या नाहीत. हे कोणत्या पुस्तकातून आलेलं नाही, पण शास्त्र म्हणून शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरं उदाहरण घोळाण्याचं. मेथीचा कच्चा पाला, कांदा, दाण्याचा कूट, मीठ, वरून तेल. सॅलड म्हणजे काही तरी परदेशी, असं ज्यांना वाटतं त्यांनी घोळाणा आठवावा. हे आपलं पानांचं सॅलडच आहे. पानावर पाण्याचा थर असला की तेल त्याला धरत नाही, ते घसरून ताटलीच्या तळाशी जातं. मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि खाली खारट पाणी जमतं. मग आपण म्हणतो, तिखट-मीठ नीट लागलं नाही. पान कोरडं असतं तर लागलं असतं.

तिसरी गोष्ट टिकण्याची. पानावर जंतू आणि बुरशीचे कण असतातच. त्यांना वाढायला ओल लागते. धुतलेली ओली भाजी डब्यात बंद केली की त्यांना हवी ती जागा आपणच तयार करून देतो. फ्रीजमध्ये हे काम हळू चालतं, थांबत नाही.

इथे एक शंका हमखास येते. बाजारात भाजीवाली तर दिवसभर पाणी शिंपडत असते, तिची भाजी कशी टवटवीत राहते? उत्तर असं की पानाच्या आतलं पाणी वेगळं आणि पानावरचं पाणी वेगळं. आतलं पाणी गेलं की पान सुकतं, मान टाकतं. शिंपडलेलं पाणी उघड्या हवेत उडून जातं, उडताना पान थंड ठेवतं, आणि त्यामुळे आतलं पाणी कमी जातं. तिला ती भाजी संध्याकाळपर्यंत विकायची असते. आपण तीच ओली जुडी पॉलिथिनच्या पिशवीत गाठ मारून ठेवतो. पाणी उडून जायला वाटच राहत नाही. तिचं बरोबर आहे, आपली पिशवी चूक आहे. म्हणूनच सांभाराच्या काड्या पेल्यातल्या पाण्यात उभ्या ठेवल्या तर चालतं, पानं मात्र त्या पाण्याच्या वर हवीत. काडीला पाणी द्यावं, पानाला देऊ नये.

हवेवर अवलंबून राहायचं का?

आता तुम्ही म्हणाल, पंचावर पसरलं की झालं, त्यासाठी यंत्र कशाला? बरोबर आहे. पण हे सगळं ऋतूवर अवलंबून आहे.

मौदा हे नागपूर-भंडारा रस्त्यावरचं, कन्हानकाठचं गाव. आजूबाजूला धानाचा पट्टा. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पंख्याखाली पालक पसरा, वरचं पाणी उडतं खरं, पण त्याच्यासोबत पानाच्या आतलं पाणीही उडायला लागतं. थोडं दुर्लक्ष झालं की पान कोरडं नव्हे, कोमेजलेलं मिळतं. उलट जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओलीने भरलेली. दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे भाजी कुठून वाळणार? आणि नेमकी याच दिवसांत पानांवर माती जास्त उडालेली असते, म्हणून ती जास्त धुवावी लागते. हिवाळ्यात हवा कोरडी आणि गार, तेव्हा पंचा उत्तम काम करतो.

सॅलड स्पिनरचा उपयोग इथे आहे. तो पाणी वाळवत नाही, झटकून टाकतो. वाळवायला वेळ आणि हवा लागते, झटकायला फक्त वेग लागतो. त्यामुळे मे असो की जुलै, एक-दोन मिनिटांत काम होतं आणि पानाच्या आतलं पाणी आतच राहतं.

भांडं काम कसं करतं?

रचना अगदी साधी आहे. बाहेर एक घट्ट भांडं, आत भोकाभोकांची टोपली, वर झाकण, आणि झाकणात टोपली फिरवायची सोय. टोपली फिरते, पाणी भोकांतून बाहेरच्या भांड्यात जातं, पाला आत राहतो.

पाणी का जातं? आपण सहज म्हणतो की ते बाहेर फेकलं जातं. पण मडगार्ड नसलेली सायकल पावसात चालवून पाहा. चाकाचा चिखल आपल्या पाठीवर नक्षी काढतो. चाकाला चिकटलेला थेंब खरं तर सरळ जाऊ पाहत असतो, चाक त्याला वळायला लावतं. चाकाची पकड कमी पडली की थेंब आपल्या सरळ वाटेने निघून जातो. टोपलीत तेच घडतं. पानाला टोपलीची भिंत अडवते, म्हणून ते वळतं. थेंबाला भोक सापडतं, म्हणून तो निघून जातो.

आता जरा आकडे पाहू. टोपलीचा मध्य ते कड हे अंतर १० सेंटिमीटर धरा आणि टोपली मिनिटाला ५०० फेऱ्या घेते असं समजा. कडेच्या थेंबावर जो ताण येतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८ पट असतो. म्हणजे चाळणीत निथळत ठेवलेल्या भाजीवर पाणी खाली ओढणारं जे बल असतं, त्याच्या २८ पट. म्हणून चाळणीत तासभर ठेवूनही जे पाणी पानाला चिकटून राहतं, ते इथे मिनिटभरात सुटतं. वेग दुप्पट केला तर हा ताण दुप्पट नाही, चौपट होतो.

फिरण्याची ताकद मौदेकरांना वेगळी सांगायला नको. इथल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन्स मिनिटाला ३००० फेऱ्या घेतात. आणि उसाच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत मळी आणि साखरेचे दाणे वेगळे करायला अशीच फिरणारी भोकांची टोपली असते. मळी भोकांतून बाहेर जाते आणि दाणे आत राहतात. मधपेट्या ठेवणारे लोक पोळं न मोडता मध काढतात तेही असंच फिरवून.

या स्वयंपाकघरातल्या भांड्याने एकदा दवाखान्याचं कामही केलं आहे. २०१० साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी सॅलड स्पिनरमध्ये रक्ताच्या बारीक नळ्या बसवल्या. हाताने दहा मिनिटं फिरवलं की लाल पेशी एका टोकाला जमतात, आणि रक्तात त्यांचा वाटा किती आहे ते पट्टीने मोजता येतं. जिथे वीज नाही तिथे रक्तक्षय ओळखायची ही युक्ती. आपल्याकडे हा विषय लांबचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. नुसत्या पालेभाजीने रक्तक्षय जात नाही, त्याला डॉक्टरी उपचार लागतात. पण डॉक्टर जेवणात पालेभाजी ठेवा असं सांगतात, आणि ती धुवा-वाळवायचा कंटाळा म्हणून आठवड्यातून एकदाच होते. हा कंटाळा थोडा कमी झाला तरी पुष्कळ.

आधी धुणं नीट, मग फिरवणं

एक गैरसमज आधीच काढून टाकू. हे भांडं भाजी स्वच्छ करत नाही. माती, कीड, फवारणीचा अंश, जंतू हे काम धुण्याचं आहे. पाला नीट धुतला नसेल तर तुम्हाला कोरडी मळकी भाजी मिळेल.

धुण्याचा क्रम असा ठेवा. आधी निवडून घ्या. सडकं पान, किडकं पान, मुळं काढून टाका, कारण एक सडकं पान साऱ्या डब्याला लागतं. चिरू मात्र नका. चिरून धुतलं की पानातला रस आणि त्यातली जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. मग मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवा, हाताने हलवा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या. माती तळाशी बसते. आता नीट लक्ष द्या. भाजी पाण्यातून वर उचलायची, भांडं चाळणीवर ओतायचं नाही. ओतलं की तळाची माती पुन्हा पाल्यावरच येते. पाणी टाका, नवं घ्या, आणि तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत हेच करा. पावसाळ्यात तीन-चार पाणी लागतात. शेवटचं पाणी पिण्याचं असावं. साबण, कपड्यांची पावडर असलं काही लावू नका. पान ते शोषून घेतं आणि ते पोटात जातं.

स्पिनरचं बाहेरचं भांडं या कामाला फार सोयीचं आहे. टोपलीत पाला, टोपली भांड्यात, वरून पाणी. टोपली वर उचलली की माती खालीच राहते.

आणखी एक. धुतल्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. भाजी कोणत्या पाण्यावर वाढली हे बाजारात आपल्याला कळत नाही. शिजवून खाणार असाल तर आच उरलेलं काम करते. कच्चा पाला मात्र घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल किंवा मोठ्या आजारातून उठलेलं माणूस असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. कोणतंही भांडं ही जबाबदारी घेऊ शकत नाही.

आता फिरवणं. टोपली अर्धी भरा, फार तर पाऊण. गच्च भरली तर पानं एकमेकांना चिकटतात आणि मधलं पाणी अडकतं. कडेचा पाला कोरडा, मधला ओलाच, हे त्यामुळे होतं. पाला सगळीकडे सारखा पसरा. एकाच बाजूला गोळा झाला तर भांडं ओट्यावर नाचायला लागतं, एका बाजूला कपडे गेल्यावर वॉशिंग मशीन धडधडतं तसं. आधी हळू, मग जोरात, असं वीस-तीस सेकंद फिरवा. थांबा. बाहेरच्या भांड्यातलं पाणी ओतून टाका, पाला हाताने उलटसुलट करा आणि पुन्हा फिरवा. हा दुसरा फेरा बरेच लोक गाळतात आणि मग म्हणतात, यंत्र काही कामाचं नाही.

किती पाणी गेलं हे घरच्या काट्यावर पाहता येतं. समजा निवडलेला कोरडा पाला १०० ग्रॅम होता आणि धुऊन निथळल्यावर तो १३० भरला. म्हणजे ३० ग्रॅम पाणी वर चढलं. फिरवल्यावर पुन्हा तोला. काटा १०० च्या जितका जवळ, तितकं काम चांगलं. पूर्ण १०० येणार नाही, पातळ थर राहतोच. सांभारवडीसाठी किंवा डब्यात ठेवायला म्हणून नंतर दहा मिनिटं सुती कापडावर पसरा. ठेवायचा असेल तर कोरड्या कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. आणि कोरडा करायला वेळच नसेल तर सरळ न धुता ठेवा, लागेल तेव्हा धुवा. धुऊन ओली ठेवण्यापेक्षा ते बरं.

काही गोष्टी यात घालू नका. गरम, वाफाळती भाजी बंद झाकणाखाली फिरवू नका. अळूची मोठी पानं फाटतात, ती कापडाने पुसलेलीच बरी. चिवळीची पानं इतकी बारीक की ती भोकांतून निसटतात, तेव्हा टोपलीत आधी पातळ मलमल अंथरा. हरभऱ्याच्या पाल्याची आंबट चव पानावरच्या आंबेत असते, तो वारंवार धुतला तर चवही थोडी धुऊन जाते.

घ्यायचं असेल तर काय पाहायचं?

पहिला प्रश्न आकाराचा. चार-पाच माणसांच्या घराला लहान भांडं पुरत नाही. एक जुडी निवडल्यावर टोपली अर्धीच भरली पाहिजे, हा अंदाज धरा. पण फार मोठं घेतलं तर ते माळ्यावर जातं, आणि माळ्यावरचं भांडं वापरात राहत नाही. ओट्याजवळ त्याला जागा आहे का, हे दुकानात जाण्याआधी ठरवा.

दुसरं, फिरवायची सोय. तीन प्रकार दिसतात. हँडल गोल फिरवायचं, दोरी ओढायची किंवा वरची मूठ दाबायची. हँडलवाल्यात दातेरी चाकं असतात, हँडलची एक फेरी म्हणजे टोपलीच्या अनेक फेऱ्या. हे साधं आणि टिकाऊ, पण एका हाताने झाकण घट्ट धरावं लागतं. दोरीवाल्याला वेग चांगला येतो, पण ओली दोरी आत गुंडाळली जाते, तिथे मळ धरतो, आणि तुटली तर बदलणं कठीण. मूठ दाबायचा प्रकार एका हाताने चालतो. संधिवात असलेल्या किंवा मनगट दुखणाऱ्या माणसाला तो सोयीचा. त्यात थांबवायचं बटण असेल तर उत्तम, म्हणजे फिरती टोपली हाताने अडवावी लागत नाही.

तिसरं, तळ. तळाला रबराची कडी असेल तर भांडं सरकत नाही. दुकानात रिकामंच फिरवून पाहा. रिकामं असताना डगमगत असेल तर भरल्यावर नक्की डगमगणार.

चौथं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं, झाकण उघडून धुता येतं का? चाकं आणि स्प्रिंग झाकणात असतात, तिथे पाणी साचतं. जे झाकण सुटं होत नाही ते आतून कधीच वाळत नाही. भाजी कोरडी करायचं भांडंच ओलं राहिलं तर काय उपयोग? प्रत्येक वेळी टोपली घासून धुवा, भोकांतली पानं काढा आणि सगळे भाग वेगवेगळे, उघडे वाळू द्या.

आणि घ्यायचं नसेल तर?

तर जुना सुती पंचा आहेच. निथळलेला पाला मधोमध ठेवा, चारही टोकं एकत्र धरा, अंगणात जा आणि हात लांब करून पोटली गोल फिरवा. याचाही हिशोब पाहा. खांद्यापासून पोटलीपर्यंत ७० सेंटिमीटर अंतर आणि सेकंदाला दोन फेऱ्या धरल्या तर ताण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ११ पट येतो. स्पिनरच्या निम्म्याहून कमी, पण वर कापड पाणी शोषतं ते वेगळं. म्हणजे हे गावठी काम मुळीच वाईट नाही. फ्रान्समध्येही लोक तारेची टोपली अशीच हाताने फिरवत असत, आजचं भांडं त्याचीच पुढची पायरी. अडचण एवढीच की अंगण लागतं, खांदा लागतो आणि दर वेळी पंचा धुवून वाळवावा लागतो.

कोणी विचारतं, वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये पोटली टाकली तर? नका टाकू. त्याचा वेग कितीतरी जास्त असतो, कोवळा पाला भिंतीवर दाबला जाऊन चिरडतो. आणि त्या टाकीत साबणाचा अंश व कपड्यांचा मळ असतो.

मग घ्यायचं कोणी? ज्या घरात आठवड्यातून तीन-चार दिवस पालेभाजी किंवा कच्चा पाला होतो, हिवाळ्यात सांभारवडीचा घाट असतो, फ्लॅटमध्ये अंगण नाही, किंवा स्वयंपाक करणाऱ्याचा खांदा दुखतो, तिथे हे भांडं पैसे वसूल करतं. ज्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदा आणि तीही डाळभाजीत शिजून जाते, तिथे पंचा पुरे. डाळीत पडणाऱ्या पालकावर चार थेंब राहिले तर कोणाचं काही बिघडत नाही.

शेवटी एक विनंती. भांडं घेतलं किंवा नाही घेतलं, तरी येत्या आठवड्यात एक प्रयोग करा. सांभाराच्या एका जुडीचे दोन भाग करा. एक धुऊन ओलाच डब्यात ठेवा, दुसरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, कापडात गुंडाळून ठेवा. चौथ्या दिवशी दोन्ही डबे उघडा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. विशेषतः जे म्हणतात की भाजी निवडणं-धुणं हे काही काम नाही, त्यांना आधी दाखवा, आणि पुढच्या जुडीला पंचा त्यांच्या हातात द्या.